ब्रँडन लीचा पहिला टीव्हीपट 'कुंग फू: द मूव्ही': निराशा नेमकी कुठे झाली?

मांडवीपार

नमस्कार मंडळी.

'कुंग फू: द मूव्ही' हा अमेरिकी टीव्हीपट अखेर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला. सीबीएस वाहिनीने तो १ फेब्रुवारी १९८६ ला दाखवला. त्याच दिवशी ब्रँडन लीला एकविसावं वर्ष पूर्ण झालं. ब्रूस लीच्या मुलाचं हे पडद्यावरचं पहिलंच काम, तेवढ्यासाठीच मी कधीपासून शोधत होतो. बघून मनापासून वाईट वाटलं. आपल्या गोव्याच्या कट्ट्यावर कराटे शिकलेले, व्हिडिओच्या जमान्यात वाढलेले, नाटकात राबलेले बरेच जण आहेत, म्हणून इथे मांडतो.

ज्यांनी मूळ मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'कुंग फू' ही मालिका एबीसी वाहिनीवर १९७२ ते १९७५ चालली. नायक क्वाई चँग केन. बाप अमेरिकी, आई चिनी, शाओलिन मठात वाढलेला. त्याच्या आंधळ्या गुरूंना, पो यांना, बादशहाचा पुतण्या मारतो. केन त्या पुतण्याला मारतो आणि जीव वाचवायला अमेरिकेच्या पश्चिम भागात येतो. मग गावोगाव हिंडणं, अडलेल्याच्या मदतीला धावणं आणि अगदी गळ्याशी आलं तरच हात उचलणं. केनचं काम डेव्हिड कॅराडाइनने केलं. नट म्हणून चांगला, नाचाचं थोडं अंग होतं, पण भूमिका मिळाली तेव्हा कुंग फू त्याला येत नव्हतं. आणि याच भूमिकेसाठी ब्रूस लीचा विचार होऊन त्याला नाकारलं गेलं होतं.

आता १९८६. केन परत आला. कॅलिफोर्निया, अफूची चोरटी आयात, केनवर खुनाचा खोटा आळ आणि जुना सूड उगवायला चीनहून आलेला एक मांचू सरदार. सरदार झालाय माको, 'द सँड पेबल्स'साठी ऑस्करचं नामांकन मिळालेला नट. सोबत मार्टिन लँडाऊ. गुरू पो आत्म्याच्या रूपात येतात, तिथे मालिकेतला नट कीय ल्यूकच परत. आणि सरदाराच्या मुठीत असलेला, केनला मारायला सोडलेला तरुण चुंग वाँग म्हणजे ब्रँडन. पुढे कथा सांगते की हा केनचाच मुलगा.

म्हणजे बघा, ज्या भूमिकेतून बापाला डावललं, त्याच भूमिकेत बसलेल्या नटासमोर मुलाला उभं केलंय, तेही त्याचा मुलगा म्हणून. लिहिणाऱ्याला याहून जास्त काय मिळायला हवं? त्या दोघांच्या झुंजीत सगळं बोलून टाकता आलं असतं. प्रत्यक्षात ती झुंज आली कधी आणि संपली कधी, कळतसुद्धा नाही. हात एका तुकड्यात, चेहरा दुसऱ्या तुकड्यात, मध्ये कोणीतरी पडतं. ब्रँडन लाथ उचलतो तेव्हा या पोराच्या अंगात काय आहे ते क्षणभर दिसतं, आणि तेवढ्यात दृश्य बदलतं.

टीव्ही होता, पैसा कमी होता, हे कारण मला पटत नाही. ही झुंज कशासाठी आहे, हे कोणी ठरवलंच नाही. मिळमिळीतपणा तिथून आलाय, असं माझं ठाम मत आहे. तुमचं सांगा.

जुनी_कॅसेट

आमची म्हापशात व्हिडिओ लायब्ररी होती. शुक्रवारचा बाजार करून माणसं पिशव्या घेऊन थेट आमच्याकडे यायची आणि दोन दिवसांसाठी कॅसेटी न्यायची. मारामारीच्या पिक्चरांना वेगळं फडताळ होतं. त्यातल्या अर्ध्या कॅसेटींवर ब्रूस लीचं नाव असायचं आणि आत भलताच माणूस. १९७३ च्या जुलैत ब्रूस ली गेला आणि हाँगकाँग-तैवानच्या निर्मात्यांनी ब्रूस ली-सारख्या दिसणाऱ्या पोरांना उभं केलं: ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली. नावंच अशी ठेवायची की पोस्टर लांबून वाचणारा फसलाच पाहिजे. गिऱ्हाईक कॅसेट परत आणून टेबलावर आपटायचं. बाबा पैसे परत द्यायचे, कारण त्या माणसाचं दुःख खरं होतं.

म्हणून 'ब्रूस लीचा सख्खा मुलगा' ही बातमी आली तेव्हा आमच्या दुकानात केवढी खळबळ झाली असेल, विचार करा. इतकी वर्षं नकली बघितले, आता रक्ताचा माणूस येणार. आणि त्याला पहिल्यांदा आणलं ते दुसऱ्याच्या कथेत, दुसऱ्याच्या हातून हरायला.

अस्नोडेकर

मांडवीपार, तुमची कळकळ समजते, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मूळ मालिका हाणामारीसाठी नव्हतीच. मला ती आवडते ती केनच्या थांबण्यामुळे. समोरचा शिव्या देतो, थुंकतो, हा खाली बघून उभा. तांदळाच्या कागदावरून पाऊल न उमटवता चालायचं, गुरूच्या तळहातावरचा खडा झटक्यात उचलायचा, असले प्रसंग लोकांना अजून आठवतात. १९७३ मध्ये जेरी थॉर्पला या मालिकेच्या दिग्दर्शनासाठी एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, ते काही लाथांसाठी नव्हे. केन जेव्हा हात उचलतो तेव्हा तो हरलेला असतो, हा त्या मालिकेचा गाभा. मग टीव्हीपटात झुंज छोटी आहे, तुटक आहे, यात एवढं काय बिघडलं? तुम्ही ब्रूस ली बघायला गेलात, म्हणून निराश झालात.

आणखी एक. कीय ल्यूकला विसरू नका. १९४० च्या 'द ग्रीन हॉर्नेट' या चित्रपट-मालिकेत नायकाचा साथीदार केटो, त्याचं काम ल्यूकने केलं होतं. तेच काम १९६६ मध्ये टीव्हीवर ब्रूस लीने केलं. म्हणजे या टीव्हीपटात पहिला केटो आणि दुसऱ्या केटोचा मुलगा एकत्र आहेत. मला तेवढ्यानेही भरून आलं.

मांडवीपार

अस्नोडेकरबाब, केटोचं सांगितलंत ते फार छान. हे डोक्यात ठेवून आता परत बघेन.

पण मूळ मालिकेच्या थांबण्याचं जे म्हणता, ते या टीव्हीपटात राहिलंय कुठे? मांचू सरदाराला जादूटोण्याच्या शक्ती दिल्या, आत्मे आणले, अफूवाले आणले, खुनाचा तपास आणला. केनला गप्प उभं राहायला वेळच नाही. शांतपणाही गेला आणि मारामारीही धड नाही, मग माझ्या हाती काय लागलं?

तुलना बाहेरच्या कोणाशी करायचीही गरज नाही. त्यांच्याच घरातली घ्या. २२ फेब्रुवारी १९७२ ला एबीसीवर जो पहिला भाग आला, तोसुद्धा टीव्हीसाठीच केलेला चित्रपट होता. लांबी याच्याहून कमी. मठ म्हणून जो दिसतो तो वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या आवारातला 'कॅमलॉट' या जुन्या संगीतपटाचा किल्ला, तोच रंगवून वापरलेला. म्हणजे पैशाची ओढाताण तिथेही होतीच. आणि त्यातला तो प्रसंग आठवा: मठातून बाहेर पडायचं तर निखाऱ्यांनी भरलेलं लोखंडी भांडं नुसत्या हातांनी उचलून बाजूला करायचं. दोन्ही हातांवर ड्रॅगन आणि वाघ कायमचे डागले जातात. एक ठोसा नाही, एक लाथ नाही. तरी बघताना आपले हात आपोआप आखडतात. पुढे रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या चिनी मजुरांसाठी तो उभा राहतो तेव्हा त्याच्या प्रत्येक फटक्याला कारण असतं.

टीव्हीला हे जमत नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये जमलं होतं.

सेन्सेई_फोंडा

बरीच वर्षं फोंड्यात कराटे शिकवतो. दोन्ही बघितलेत, म्हणून शिकवणाऱ्याच्या नजरेने लिहितो.

कोणाला किती येतं हे हातावरून कळत नाही. कमरेवरून आणि मागच्या पायावरून कळतं. माझ्या वर्गात नवीन पोर येतं ते ठोसा खांद्यातून मारतं. दोन वर्षांनी तेच पोर मारतं तेव्हा आधी मागची टाच जमिनीला दाबते, मग कंबर वळते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी निघतो. हे क्रमाने होतं आणि डोळ्याला एकदम झाल्यासारखं दिसतं. कॅमेरा कमरेच्या वर धरला की यातलं काहीच दिसत नाही. मग येणारा आणि न येणारा दोघे सारखेच.

कॅराडाइनसाठी हे सोयीचं होतं. मालिकेत त्याला शिकवायला आधी डेव्हिड चाव आणि मग काम युएन होते, नंतर त्याने मेहनतही घेतली. हातांची लय त्याची बरी आहे. पण वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर नेताना तो अडखळतो. त्याला वाचवायचं तर चौकट वर धरावी लागते, आणि तशी धरली की ब्रँडनचे पायही कापले जातात. ब्रँडन डॅन इनोसांटोकडे शिकला होता, आणि इनोसांटो म्हणजे ब्रूस लीचा जवळचा शिष्य. पोराच्या पायात होतं सगळं. दाखवलं नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. खऱ्या कुमितेत, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीत, दोघांमधलं अंतर हीच अर्धी लढाई. अर्धं पाऊल आत आलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक पडतो. हे दाखवायला दोघे डोक्यापासून पायापर्यंत एका चौकटीत लागतात. एकाचा चेहरा, मग दुसऱ्याचा चेहरा असं दाखवलं की अंतर मेलं, आणि अंतर मेलं की भीती मेली.

शिवोलीचा_राजू

सेन्सेई सरांना +१. पायाचं वाचून मी रात्री परत लावून बघितला. खरंच पाय कुठेच नाहीत.

पखवाजी

मी पेडण्याचा. दशावतारी काल्याला पखवाजावर बसतो. इंग्रजी मारामारीचं मला फार कळत नाही, पण पैसा नव्हता म्हणून झुंज रंगली नाही हे मला कोणी सांगू नये.

आमच्याकडे काय असतं? देवळापुढे मांडव, मागे एक पडदा, मध्ये लाकडी बाक. तोच बाक सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. तलवारी लाकडाच्या. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरलेलं असतं, बोलणं मात्र तिथल्या तिथे. आणि उत्तररात्री युद्ध सुरू झालं की पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा सरसावून बसतात.

कारण युद्ध तलवार काढल्यावर सुरू होत नाही. त्याच्या आधी दोन राजे एकमेकांना बोलून बोलून तापवतात. हा का आलाय, तो का अडवतोय, कोणाचं काय पणाला लागलंय, हे पुढे बसलेल्या पोराटोरांनाही कळलेलं असतं. मग मी पहिली थाप देतो. तेव्हा वार नाही. दोघे नुसते एकमेकांभोवती फिरतात. लय चढत जाते. झांजवाला माझ्या हाताकडे बघतो आणि मी नटाच्या पायाकडे. गिरकी घेताना त्याची टाच जिथे टेकते, तिथे माझा हात पडायला हवा. तलवार अंगाला लागतच नाही, वीतभर लांबून जाते, पण थाप टाचेबरोबर पडली तर समोर बसलेल्यांना ती लागते. एक मात्रा मागे राहिली की सगळी नुसती कवायत.

आणि हरणाऱ्या राक्षसाला आम्ही घाईत मारत नाही. तो पडतो, उठतो, परत येतो. त्याला पण मान असतो. चांगला राक्षस पडला की टाळी देवाला नाही, राक्षसाला पडते. तुमच्या त्या पोराला एवढा तरी मान मिळाला का, हे मला सांगा.

मांडवीपार

पखवाजीबाब, नाही मिळाला. त्याला फक्त कोणाच्या तरी मुठीतलं हत्यार करून ठेवलंय. तो स्वतः काय विचार करतोय, केनला मारताना त्याच्या मनात काय चाललंय, यासाठी त्याला जागाच दिलेली नाही. देव बरें करूं, तुम्ही माझ्या मनातलं माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

टाइमलाइन

पणजीत व्हिडिओ एडिटिंग करते. पखवाजीकाकांनी टाचेचं आणि थापेचं जे लिहिलंय, तेच आमच्या टेबलावर दररोज चालतं, म्हणून राहवलं नाही.

आधी त्या काळच्या अमेरिकी टीव्हीपटाची रचना सांगते. वाहिनीवर दोन तासांची जागा. जाहिराती काढल्या की हातात साधारण दीड तासाचा चित्रपट उरतो. त्याचे तुकडे आधीच पाडलेले असतात, आणि जाहिरातीला जाताना दर तुकड्याच्या शेवटी प्रेक्षक उठू नये म्हणून छोटासा धक्का द्यावा लागतो. त्यामुळे ताण चढायला लागला की तोडायचा, परत शून्यापासून सुरू करायचं. चित्रीकरण तीन-चार आठवड्यांत उरकायचं. शिवाय हिंसा किती दाखवायची यावर वाहिनीच्या स्वतःच्या विभागाची कात्री. एवढं सगळं मान्य.

पण मारामारी चित्रित करायची पद्धत हा वेगळा मुद्दा आहे. हॉलिवूडमध्ये तेव्हा रूढ रीत अशी: आधी पूर्ण प्रसंग लांबून घ्यायचा, मग तोच जवळून तुकड्यातुकड्यांत, आणि टेबलावर जोडताना नेमका ठोसा लागायच्या क्षणी कापायचं. ठोसा एका शॉटमध्ये निघतो, लागतो दुसऱ्या शॉटमध्ये. म्हणजे लागताना आपण बघितलेलाच नसतो. आवाजावरून समजून घ्यायचं.

हाँगकाँगमध्ये उलटं. तिथे मारामारीचा वेगळा दिग्दर्शक असतो, आणि त्या प्रसंगापुरता कॅमेरा कुठे ठेवायचा हेही तोच ठरवतो. फटका लांबून, सलग, लागेपर्यंत दाखवतात. मग दुसऱ्या कोनात कापतात ते दोन-चार फ्रेम मागे जाऊन, म्हणजे डोळ्याला तोच आघात दोनदा मिळतो. सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात, त्यातल्या दोन-चार परत आल्या तर प्रेक्षकाला चूक दिसत नाही, जोर जाणवतो. काकांची थाप टाचेवर पडते ती इथे. आधी एक थांबा, मग हालचाल, मग परत थांबा. त्या थांब्यांमुळेच हालचाल वाचता येते.

तुलनेला एक तारीख देते. डिसेंबर १९८५ मध्ये हाँगकाँगला जॅकी चॅनचा 'पोलीस स्टोरी' लागला. आपल्या टीव्हीपटाच्या दोनच महिने आधी. त्याच्या शेवटी शॉपिंग सेंटरमध्ये जी मारामारी आहे तिच्यात इतक्या काचा फुटतात की चित्रपटावर काम करणारी माणसंच त्याला 'ग्लास स्टोरी' म्हणायची. आणि एवढ्या धुमश्चक्रीत कोण कुठे उभा आहे, कोण कोणाला मारतोय, याचा एकदाही गोंधळ होत नाही.

अस्नोडेकर

टाइमलाइनताई, मोठ्या पडद्यावरच्या जॅकी चॅनशी टीव्हीपटाची तुलना मला अजूनही अन्यायाची वाटते. जॅकी तोवर तिथला सगळ्यात मोठा तारा होता, हवा तेवढा वेळ घ्यायचा. इकडे पुढच्या आठवड्यात दुसरा टीव्हीपट उभा करायचा असतो.

आणि संथ गतीचं काय? मालिकेने मारामारी स्लो मोशनमध्ये दाखवायला सुरुवात केली ती कॅराडाइनला झाकायला म्हणून, असं सरसकट म्हणतात. माझ्या मते त्यात एक दृष्टी होती. हिंसेचा क्षण लांबवला की त्याची मजा जाते, त्याचं ओझं वाटायला लागतं.

टाइमलाइन

दृष्टी होती, मान्य. पहिल्या वर्षी ती चालली, कारण नवीन होती आणि प्रसंगाला धरून होती. पण संथ गतीत सगळेच सारखे दिसतात, ज्याला येतं तोही आणि ज्याला येत नाही तोही. कॅराडाइन एकटा असताना याने बिघडत नव्हतं. समोर ब्रँडन आला की बिघडतं, कारण बापाकडून त्याला काय मिळालं असेल तर तो वेग. ब्रूस लीबद्दल तर सांगतात की 'ग्रीन हॉर्नेट'च्या वेळी त्याला हालचाल सावकाश करायला सांगावं लागायचं, कॅमेऱ्यात नीट दिसत नव्हती म्हणून. ज्या घरात असा वेग आहे, त्या घरातल्या पोराला जुन्याच सवयीने मंद करून दाखवायचं, हे मला एडिटर म्हणून सहन होत नाही.

जुनी_कॅसेट

मालिकेची कल्पनाच मुळात ब्रूस लीची होती आणि ती चोरली, असं आमच्या दुकानात सगळे म्हणायचे. याबद्दल कोणाला खात्रीचं माहीत आहे का?

अस्नोडेकर

मूळ कथा एड स्पीलमन आणि हॉवर्ड फ्रीडलँडर या दोघांनी लिहिली होती. ब्रूस लीचा स्वतःचा 'वॉरियर' नावाचा वेगळा आराखडा होता, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या चिनी योद्ध्याचाच. पत्नी लिंडा यांनी पुढे लिहिलं की कल्पना ब्रूसची होती. वॉर्नरने ते मानलं नाही. मुख्य भूमिकेसाठी त्याचा विचार झाला आणि तो मागे पडला, हे मात्र पक्कं. १९७१ च्या डिसेंबरात पियर बर्टन या कॅनेडियन पत्रकाराला दिलेल्या मुलाखतीत ब्रूस ली स्वतः यावर बोललाय. चिनी चेहरा नायक म्हणून अमेरिकेत चालेल का, ही निर्मात्यांची धंद्याची भीती आहे, आणि आपण त्यांना दोष देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ती मुलाखत जरूर बघा. त्याच्या जागी मी असतो तर इतका शांत राहिलो असतो असं वाटत नाही.

तो 'वॉरियर' शेवटी २०१९ मध्ये मालिका म्हणून आला. ब्रूसची मुलगी शॅनन ली त्याच्या निर्मात्यांमध्ये आहे.

पारोडची_पोर

मी वुशू ही चिनी युद्धकला खेळते, त्यामुळे हा धागा वाचताना हात शिवशिवत होते.

२०२३ मध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात झाल्या. वुशू होतं, तायक्वांदो परत आलं होतं, पेंचाक सिलाट, कळरीपयट्टू आणि स्क्वे पहिल्यांदाच आले. माझी आजी आयुष्यात पहिल्यांदा असलं काही बघायला आली होती. तिला नियम माहीत नव्हते, गुण कसे देतात माहीत नव्हतं. तरी कोण घाबरलंय आणि कोण थांबून संधी बघतंय हे ती बरोब्बर सांगत होती, कारण तिला दोघींचं पूर्ण अंग दिसत होतं. सेन्सेई सर म्हणतात ते अंतर, तेच ती बघत होती.

ब्रँडनसाठी ज्यांना वाईट वाटतंय त्यांनी एवढ्यावर थांबू नका. त्याच १९८६ मध्ये त्याने हाँगकाँगला रॉनी यूच्या दिग्दर्शनात 'लेगसी ऑफ रेज' केला. नायक तोच, भाषा कँटोनीज. तिथे नवोदित नट म्हणून त्याला हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत नामांकनही मिळालं. दोन्ही एका वर्षातले आहेत, पाठोपाठ बघा, आणि मग सांगा की दोष पोराचा होता का. १९९२ चा 'रॅपिड फायर' बघा. त्यातल्या मारामाऱ्या त्याने स्टंट बसवणाऱ्या जेफ इमाडाबरोबर स्वतः बसवल्यात. त्यात तो हसतो, चिडतो, खुर्ची-टेबल हाताला लागेल ते वापरतो. माणूस दिसतो तो.

१९८७ मध्ये सीबीएसने त्याला घेऊन 'कुंग फू: द नेक्स्ट जनरेशन' असा आणखी एक नमुना भाग केला होता, त्या वेळच्या आधुनिक काळातला केनचा वंशज. त्याची मालिका झालीच नाही. ३१ मार्च १९९३ ला 'द क्रो'च्या चित्रीकरणात बंदुकीच्या अपघातात तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

आणि मला सगळ्यात आनंद झाला तो २०२१ च्या नव्या 'कुंग फू' मालिकेने. नायिका चिनी-अमेरिकी मुलगी, ऑलिव्हिया लियांग. तिची मारामारी सगळीच काही भारी नाही, पण ज्या जागेवर ब्रूस लीला बसू दिलं नाही तिथे ती बसली.

शिवोलीचा_राजू

'लेगसी ऑफ रेज' बघितला. पारोडची_पोर, तू सांगितलंस ते बरं झालं. शेवटच्या अर्ध्या तासात तो पोरगा वेगळाच आहे. टीव्हीपटातल्या त्याच माणसाला इथे चालू देतात, थांबू देतात, रागावू देतात.

मांडवीपार

मीही दोन्ही पाठोपाठ बघितले. आता माझं मत आणखी पक्कं झालंय. हाँगकाँगचा तो चित्रपटही काही श्रीमंती थाटाचा नाही. पण त्यात ब्रँडनच्या पात्राशी दगा झालाय, त्याची प्रेयसी, त्याचा मित्र, त्याची गेलेली वर्षं, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तो हात उचलतो तेव्हा आपण त्याच्या बाजूने उभे असतो. पखवाजीबाबांच्या दोन राजांचं बोलून तापवणं तिथे आहे. सीबीएसच्या टीव्हीपटात बाप-मुलगा समोरासमोर आणले आणि एकमेकांशी बोलूच दिलं नाही.

अस्नोडेकरबाब, तुमचं मत बदललं नसेल तर तसंच राहू द्या, पण एकदा ते दोन्ही पाठोपाठ बघा.

अस्नोडेकर

बघेन. केनवरचं माझं प्रेम कमी होणार नाही. पण ब्रँडनला बोलू दिलं नाही, हे मात्र मान्य.

सेन्सेई_फोंडा

टाइमलाइन, तुम्हाला एक कामाचं विचारतो. आमच्या वर्गाचं प्रात्यक्षिक रविवारी सकाळी आहे. पालक मोबाइलवर जे काढतात त्यात पोरांचे चेहरे आणि छपराचे पंखे येतात. पोरांना त्यांच्या चुका दाखवायला मला ते उपयोगी पडत नाही. कसं काढायचं? कॅमेरा कुठे ठेवू?

टाइमलाइन

सर, मोबाइल आडवा धरायचा. उंची मुलांच्या कमरेएवढी ठेवा, स्टुलावर टेकवला तरी चालेल, हातात नको. दोन्ही मुलं बाजूने दिसतील असा उभा करा. समोरून काढलं तर अंतर कळत नाही. दोघांच्या पायांखाली हातभर जमीन आणि डोक्यावर थोडी जागा सुटेल इतकं लांब जा. झूम करू नका. कुमिते सुरू व्हायच्या आधीपासून चालू ठेवा, नमस्कार होईपर्यंत बंद करू नका, मध्ये कापू नका. मोबाइलमध्ये सेकंदाला साठ फ्रेमची सोय असेल तर ती लावा, म्हणजे नंतर थांबवून थांबवून टाच आणि कंबर बघता येईल. आणि मागे खिडकी येणार नाही अशी बाजू निवडा, नाहीतर पोरं काळी दिसतील.

रविवारी सकाळी मी मोकळी आहे. माझा ट्रायपॉड घेऊन येते, हॉलचा पत्ता तेवढा वैयक्तिक निरोपात पाठवा.

पखवाजी

मीही येतो बघायला. पोरांचे पाय बघायचेत.